सँपल हाय का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये शिरून 'एवढं करून मिळेल का' असं विचारा. समोरचा हातातलं काम न थांबवता म्हणतो, 'सँपल हाय का?' दर नंतर, मुदत नंतर. ड्रॉइंग असलं तर बरंच, नसलं तरी त्याच्यावाचून काही अडत नाही. मोडका का असेना, तुकडा पाहिजे. तो हातात आला की माणूस आधी वजनाचा अंदाज घेतो, अंगठ्यानं धार चाचपतो, मग व्हर्नियर लावतो आणि सांगतो, 'बुधवारी या.'

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं लोकांना 'बुधवारी या' सांगत आले. टर्नर म्हणून लागले, पुढं भागीत एक लेथ घेतला, तोच शेवटपर्यंत चालवला. मी त्यांचा मुलगा असून हाताला ग्रीस लावून घेतलं नाही. कॉम्प्युटर शिकलो आणि गेली पंचवीस वर्षं राजारामपुरीत दोन खोल्यांतून दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करतो. गावात सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की हातात जी चिठ्ठीएवढी पावती पडते, कोड नंबर, लिटर, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरची), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम, ती काढणारं सॉफ्टवेअर. दहा दिवसांचं बिल, पेंडीची कपात, उचल, दिवाळीचा फरक हे सगळं त्यातच. पुण्या-बंगळूरच्या मित्रांना सांगितलं की ते 'अरे वा' म्हणून विषय बदलतात. पण त्यांचं सॉफ्टवेअर चुकलं तर तक्रारीचं तिकीट पडतं, माझं चुकलं तर पहाटे साडेपाचला फोन येतो आणि मागं रांगेतल्या किटल्यांचा आवाज ऐकू येत असतो.

गेल्या पावसाळ्यात माझी चोरी झाली. कुलूप शाबूत, कॉम्प्युटर जागच्या जागी. राधानगरीकडच्या एका संस्थेनं माझं सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्याचं घेतलं, एवढं कानावर आलं होतं. ते चालायचंच. पण तिथले एक ओळखीचे दूध उत्पादक कामानिमित्त शहरात आले, त्यांनी खिशातली पावती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'बघा ओ, तुमचीच वाटती.' रकान्यांचा क्रम तोच. रेघा तिथंच. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरांत: जनावर तपसा.

'तपासा' असायला हवं होतं. काना मी खाल्लेला.

त्याची हकिगत अशी. २००३ साल असेल. भुदरगडातल्या एका गावात मी नवीन पावती दाखवत होतो, मोठ्या अभिमानानं. रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. त्यांनी पावती उलटीसुलटी केली आणि माझ्या हातात परत दिली. 'आकडं छापून देतोस लेकरा, पर त्येचं म्या करू काय? फॅट का उतरली त्ये सांग की.' मला काय सांगता येणार? पुढं एका पशुवैद्य डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चारा बदलला, ऊन लागलं, सड सुजला, कशानंही उतरते, पण एकाएकी उतरली तर जनावराकडं बघितलंच पाहिजे. त्या रात्री मी प्रत्येक उत्पादकाची दहा दिवसांची सरासरी ठेवायला लागलो आणि आजची फॅट तिच्यापेक्षा एका पॉइंटहून जास्त खाली गेली की पावतीच्या तळाला ही ओळ छापायची सोय केली. तेव्हा डॉसवर मराठी उमटवायला सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागायचं, प्रिंटर डॉट मॅट्रिक्स. घाईत काना राहिला. लक्षात येईपर्यंत फ्लॉपी वीसेक गावांत पोचली होती, आणि गावांनी त्याची गंमत करून टाकली होती. 'म्हसरं तपाला बसवा म्हणतोय व्हय तुमचा कॉम्प्युटर?' दुरुस्त करायचं म्हणजे एसटीनं वीस गावं. राहिलं ते राहिलं. विंडोजवर गेलो तेव्हा बदलता आलं असतं, पण तोवर मलाच ते आवडायला लागलं होतं.

नकाशे काढणारे लोक म्हणे चोर पकडायला मुद्दाम एखादा खोटा रस्ता नकाशात घालून ठेवतात. माझा खोटा रस्ता अजाणता पडलेला, पण चोर त्यावरनंच चालत आला.

दुसऱ्या दिवशी वकील मित्राला गाठलं. 'पेटंट काढायचं,' म्हटलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. चहा सांगितला आणि पेटंट कायद्यातलं ३(के) वाचून दाखवलं. १९७० च्या कायद्यात कलम ३ म्हणजे काय काय शोध धरायचं नाही याची यादी. तिच्यात 'के' खाली येतात गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम. 'तुझं सगळं यात बसतंय,' तो म्हणाला. 'सरासरी काढतोस ते गणित, पावती देतोस तो धंदा, उरला तो प्रोग्रॅम.'

यातला 'निव्वळ' फार महागाचा शब्द आहे. मूळ मजकुरात तो लॅटिनमध्ये आहे, 'पर से', आणि २००२ च्या दुरुस्तीनं आला. नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट नाही, ठीक. पण प्रोग्रॅममुळं यंत्रच वेगळ्या तऱ्हेनं चालायला लागलं तर? या फटीतून वर्षानुवर्षं अर्ज घुसायचा प्रयत्न करतायत, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर प्रोग्रॅम आहे एवढ्यावरनं अर्ज उडवू नका. म्हणजे उद्या मी फॅट मशीनच्या आतला मोजमापाचा प्रकारच सुधारला तर कदाचित आशा आहे. 'जनावर तपसा' छापण्याला नाही.

मित्रानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला नवीन होती. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं वटहुकूम काढून हे दार किलकिलं केलं होतं: उद्योगात तांत्रिक उपयोग असलेल्या प्रोग्रॅमला पेटंट द्यायचं. मार्च २००५ मध्ये संसदेत कायदा मंजूर झाला तेव्हा ते कलम गाळलं गेलं. त्या मार्चमध्ये मी वर्षअखेरीच्या ताळेबंदांत बुडालो होतो आणि माझ्या डोक्यावरून हे असं काही गेलं याचा मला पत्ताही नव्हता.

'कॉपीराइट आहे की तुला,' मित्र म्हणाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृती म्हणून धरलाय. म्हणजे माझं दूध बिल कायद्यानं साहित्य, आणि माझ्या मरणानंतरही ६० वर्षं ते सुरक्षित. घरात सांगितलं तर बायको म्हणाली, पुढच्या साहित्य संमेलनाला जाऊन या. पण मित्राचा पुढचा प्रश्न वाईट होता. 'त्यानं तुझा कोड उचलला, का पावती बघून स्वतः लिहिलं?' बघूनच लिहिलं असणार, माझा कोड त्याला मिळणार कुठनं. 'मग त्यानं कल्पना घेतली. कल्पनेला कॉपीराइट नसतो.' आणि तपसा? 'एका कान्यावर दावा? भांडायचंच असलं तर हायकोर्टाचं सर्किट बेंच आता इथंच आलंय, तुझं मुंबईचं भाडं वाचेल,' म्हणाला, आणि चहाचे पैसे मला द्यायला लावले.

मी चरफडत घरी आलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. ते म्हणाले, 'तू पयलं कसं केलतास?'

तर तेही सांगितलं पाहिजे. २००० सालच्या दिवाळीच्या आधी मी एका मोठ्या संस्थेत तीन संध्याकाळी जाऊन बसलो होतो. सेक्रेटरी ओळखीचे. त्यांच्याकडं सांगलीकडच्या कुणीतरी केलेलं सॉफ्टवेअर होतं. मी त्यांच्या खांद्यावरनं बघत वहीत सगळं उतरवलं: कुठली कळ दाबली की काय येतं, बिलात कपाती कुठल्या क्रमानं जातात, फरक कसा काढतात. ज्या फॉक्सप्रोवर मी ते परत लिहिलं, ती सीडीही मी विकत घेतलेली नव्हती. इतक्या वर्षांत मला याची कधी बोचणी लागली नाही. मी शिकत होतो, ना.

अण्णांच्या शेडमधली एक गोष्ट मला लहानपणापासून आठवते. शिरोळकडचा एक शेतकरी जुन्या परदेशी पंपाचं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकण घेऊन आला होता, कोपऱ्याला तडा गेलेलं. अण्णा कुठंतरी बाहेर गेले होते. नवीन लागलेल्या पोरानं हुशारी केली. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करत बसण्यापेक्षा तडा मेणानं बुजवून तेच झाकण शेजारच्या फाउंड्रीत नेलं, वाळूत दाबलं, साचा घेतला आणि बीड ओतून आणलं. संध्याकाळी झाकण तयार. अगदी हुबेहूब. वर उठावाच्या अक्षरांत त्या परदेशी कंपनीचं नावसुद्धा जसंच्या तसं.

अण्णांनी आल्यावर ते पंपाच्या तोंडावर ठेवलं. बसेना. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून पॅटर्न करणारा मिस्त्री आकसणं धरून मोठ्या मापाची पट्टी वापरतो. झाकण अडीचशे मिलिमीटरचं, म्हणजे अडीच मिलिमीटरचा घोळ, आणि बोल्टची भोकं जागा सोडून बसलेली. बघून केलेलं आणि दाबून केलेलं यातला फरक त्या पोराला त्या दिवशी कळला असणार. पण अण्णा त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं. 'बीड आकसतंय, त्ये पुढच्या टायमाला ध्यानात येईल. पर ह्ये नाव कुणाचं? तू ओतलास नव्हं? मग त्येचं नाव कशाला?' झाकण भंगारात जाणार हे ठरलेलं होतं. तरी त्यांनी ते व्हाइसमध्ये धरलं आणि कानस घेऊन अक्षरं घासून काढली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. भंगारात टाकायची वस्तू हे कशाला घासतात, असं वाटलं होतं.

पुढं खरं झाकण त्यांनी पॅटर्न करून ओतून घेतलं. कुणी विचारलं तर सांगायचे, 'अमक्या कंपनीचं बघून केलंय, पर ह्यात धातू जाड हाय.' कुणाचं बघून केलं हे सांगायला त्यांना कमीपणा वाटायचा नाही, आणि आपण काय वेगळं केलं हे सांगायलाही नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, त्याच्यावरनं आपण रोज जातो आणि बघत नाही. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या मिस्त्री घराण्यातल्या भावांनी इथं सिनेमाचा कॅमेरा स्वतः करायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, बाबुरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला, आणि १९२० साली त्या कॅमेऱ्यावर काढलेला चित्रपट लोकांसमोर आला. आता त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं बघा. १९०८ साली एडिसनच्या पुढाकारानं कॅमेऱ्यांची आणि प्रोजेक्टरांची पेटंटं एकत्र करून कंपनी काढली गेली होती. तिची परवानगी न घेता सिनेमा काढला की खटला. १९१५ साली न्यायालयानं ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. तोवर कित्येक सिनेमावाल्यांनी न्यूयॉर्कपासून लांब पश्चिम किनारा गाठला होता. हॉलिवूड तिथं वाढलं त्याच्या कारणांत उन्हाबरोबर हेही एक धरतात. कोल्हापुरात लेथवर कॅमेऱ्याचे दाते कापणाऱ्यांच्या दारात एडिसनची नोटीस आली नाही, हे आपलं नशीब.

सॉफ्टवेअरच्या पेटंटांबद्दल माझं मत विचारलंत तर मला एकच क्लिक आठवतो. ॲमेझॉननं १९९७ मध्ये अर्ज केला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत त्यांना पेटंट मिळालं, एका क्लिकमध्ये खरेदी करण्याचं. पत्ता आणि कार्ड आधी साठवलेलं, गिऱ्हाइकानं बटण दाबलं की माल निघाला. महिन्याभरात त्यांनी पुस्तकं विकणाऱ्या बार्न्स अँड नोबलवर दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि त्या बिचाऱ्यांना गिऱ्हाइकाला एक क्लिक जास्त करायला लावावं लागलं. ॲपलनं २००० साली पैसे मोजून परवाना घेतला. २०१७ ला पेटंट संपलं. आमच्या गल्लीतला वाणी, 'नेहमीचं द्या, वहीत लिहा' एवढ्यावर माल घरपोच पाठवतो, तोही क्लिकशिवाय. त्याला अमेरिकेत काय मिळालं असतं कुणास ठाऊक.

पेटंटचा वीस वर्षांचा काळ इंजिनाला ठीक असेल, औषधाला ठीक असेल. सॉफ्टवेअरला तो म्हणजे पणजोबापासून पणतूपर्यंत. 'जनावर तपसा'साठी २००३ साली अर्ज करून पेटंट मिळालं असतं तर ते २०२३ ला संपलं असतं. मधल्या काळात डॉस गेलं, जिस्ट कार्ड गेलं, फ्लॉपी गेली, सीडी येऊन गेली, आणि राधानगरीतल्या कुठल्याही दुसऱ्या पोराला म्हैस आजारी असल्याची सूचना छापायला माझी परवानगी काढायला यावं लागलं असतं. म्हशीचं काय?

हे मत पक्कं करावं असं वाटतं, आणि तेवढ्यात मला बुटिरोमीटर आठवतो. माझ्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच गावांत फॅट अजून हातानं काढत. काचेच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर अलगद १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, वर रबरी बूच. नळी हलवली की चटका बसेल इतकी तापायची. मग ती गोल मशीनमध्ये घालून फिरवायची, आणि वरच्या बारीक मानेत पिवळसर चरबीचा खांब उभा राहायचा. तो मोजायचा. प्रत्येक टेस्टरच्या शर्टाला ॲसिडची भोकं. ही गर्बरची पद्धत. निक्लाउस गर्बर हे स्वित्झर्लंडचे गृहस्थ, आणि त्यांनी १८९१ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८९० मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी असंच ॲसिड आणि असंच फिरवणं वापरून फॅट काढायची पद्धत जाहीर केली होती, आणि पेटंट घ्यायला नकार दिला होता. तोवर दूध मापावर विकलं जायचं. पाणी घालणारा आणि चांगलं दूध आणणारा, दोघांना दर एकच. बॅबकॉकच्या नळीनं ते मोडलं. माझ्या लेखाच्या सोयीसाठी आमच्या गावांनी बॅबकॉकची पद्धत उचलायला हवी होती. त्यांनी गर्बरची उचलली. पेटंट घेतलेली. ते पेटंट केव्हाच संपलेलं, १९६३ साली गोकुळ दूध संघ निघाला तेव्हा त्याची आठवणही कुणाला नसणार. फुकट दिलेलं आणि राखून ठेवलेलं, दोन्ही शेवटी आक्काच्या किटलीपर्यंत पोचतंच, फक्त राखून ठेवलेलं थोडं उशिरा, असं म्हणावं का? मला नीट ठरवता आलेलं नाही. एसएनएफचं सूत्र मात्र कुणाचंच नाही. डिग्रीला चारनं भागा, त्यात फॅटचा पाव भाग मिळवा, वर ०.४४. डिग्री २८ आणि फॅट ६.५ असेल तर ९.०६५. ते ९.०६ छापायचं का ९.०७, यावरनं मी एका गावात दोन तास बैठक बसवलेली आहे, पण सूत्रावर हक्क सांगायला अजून कुणी आलेलं नाही.

चपलेचं बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पोरांच्या पायांत दिसलं ते आमचं पायताण, आणि नाव दिलं होतं नुसतं लेदर सँडल. इथं शिव्यांची लाखोली झाली. माझाही एक स्टेटस त्यात होता. पण जीआय नाव राखतो. 'कोल्हापुरी' म्हणून दुसऱ्याच मुलखातलं विकलं तर धरता येतं. कोल्हापुरी न म्हणता तसलंच विकलं तर काय करणार? ओरड झाल्यावर कंपनीनं कबूल केलं की प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड इथं करून घ्यायचं जाहीर केलं, जोड साधारण ८०० युरोला. अण्णांना मी फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला. 'केलंय बरं,' म्हणाले. मग म्हणाले, 'कापशीच्या पायताणाचं बघून केलं म्हणून सांगायला काय झालं हुतं?'

त्या दिवशी संध्याकाळी मला ते भंगारात गेलेलं झाकण आठवलं, आणि चरफड जरा उतरली. त्या पोरानं (माझ्या पावतीवाल्यानं, म्हणजे) माझं नाव लावलं नव्हतं. चूक तेवढी लावली होती.

आता एआय. हा शब्द गावात जपून वापरावा लागतो. मी एका सेक्रेटरींना उत्साहानं म्हटलं, 'मामा, आता एआय आलंय.' ते म्हणाले, 'एआयवाला मंगळवारी येतोय की, तुमाला कशाला पायजे?' दूध संस्थेत एआय म्हणजे कृत्रिम रेतन, आणि ते कितीतरी वर्षांपूर्वीच आलंय.

तर दुसरं एआय. मी त्याला मराठीत सांगितलं: दूध संस्थेचं बिल करणारा प्रोग्रॅम दे, फॅट-एसएनएफवर दर, दहा दिवसांचं बिल, कपाती. चहा गार व्हायच्या आत दिला. २००० साली मला जे करायला तीन महिने आणि सेक्रेटरींच्या खांद्यामागं तीन संध्याकाळी लागल्या, ते. सूत्र बरोबर. कपातींचा क्रम माझ्यापेक्षा बरा. आणि खाली, मी न विचारता, सुचवलं होतं: उत्पादकाची फॅट सरासरीपेक्षा अचानक कमी झाल्यास पावतीवर 'जनावर तपासा' अशी सूचना छापता येईल.

काना होता.

माझा कोड कधी इंटरनेटवर गेलेला नाही. म्हणजे त्यानं माझं घेतलेलं नाही. साध्या शहाणपणाची गोष्ट आहे, कुणालाही सुचेल. पण मग ज्यांनी आपला कोड उघड्यावर ठेवला, वर्षानुवर्षं प्रश्नांची उत्तरं फुकट लिहिली, त्यांचं कुणाकुणाचं त्यात आहे? अण्णांना सांगितलं तर त्यांनी नेहमीचंच विचारलं, 'सँपल कुणाचं हाय त्ये सांगतंय का?' नाही म्हटलं. 'मग इचार त्येला.' मी विचारलं. फार अदबीनं लांबलचक उत्तर आलं. त्यात एकही नाव नव्हतं. शेडमधलं पोर निदान झाडू मारायचं, चहा आणायचं, दोन वर्षं शिव्या खायचं आणि मग जन्मभर 'मी अमक्या मेस्त्रीच्या हाताखालचा' म्हणून सांगायचं.

असल्या यंत्राच्या नावानं पेटंट द्या म्हणूनही एकानं देशोदेशी अर्ज केले होते, शोध लावणारा माणूस नसून प्रोग्रॅमच आहे म्हणून. दक्षिण आफ्रिकेत २०२१ ला ते मिळालंही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये नाही म्हणून सांगितलं, शोध लावणारा माणूसच पाहिजे. ते वाचताना मला रांगेतल्या आक्का दिसत होत्या. 'जनावर तपसा'चा अर्ज मी खरंच भरला असता तर शोध लावणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव बिनदिक्कत लिहिलं असतं. 'फॅट का उतरली त्ये सांग की' म्हणणाऱ्या बाईंचं पूर्ण नावसुद्धा मला माहीत नाही. कोड नंबर आठवतो, ११४.

गेल्या आठवड्यात भुदरगडात गेलो होतो, दुसऱ्याच कामाला. वाटेतल्या एका संस्थेत टेकलो. ती संस्था आता त्या पावतीवाल्याकडं आहे. सेक्रेटरींनी कौतुकानं नवीन पावती दाखवली. तळाला 'तपसा' जसंच्या तसं. पण त्याच्या वर एक नवी ओळ होती: गाभण, ७ वा महिना. म्हैस कधी लागली ते पोरानं नोंदवून घेतलं होतं. दूध का कमी झालं, आटवायची कधी, व्यायची कधी, सगळं त्या एका ओळीत. माझ्या डोक्यात पंचवीस वर्षांत हे आलं नव्हतं. मी खिशातनं मोबाइल काढून पावतीचा फोटो घेतला. 'कशाला ओ?' सेक्रेटरींनी विचारलं. 'असंच,' म्हटलं. मग राहवलं नाही. 'तुमच्या त्या पोराचं बघून करावं म्हणतोय.'

परत येताना गारगोटीच्या स्टँडजवळ चहाला थांबलो आणि वहीत टेबल आखलं. कोड, जनावर, लागल्याची तारीख, वेत कितवं. वेताचा रकाना त्याच्याकडं नाही. पहिलारू म्हैस आणि चौथ्या वेताची म्हैस सारखं दूध देत नाही.